मंगळ मीनेतून बाहेर पडेपर्यंत

सोमवार, २० एप्रिल २०२६. तारनाका

सुशीला काल दुपारी घर सोडून रेणूकडे, म्हणजे आमच्या लेकीकडे, दिलसुखनगरला गेली. सदतीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा झालं. जाताना पिशवीत दोन साड्या, बीपीच्या गोळ्या आणि हातात एक केळी. केळी म्हणजे अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी भरून ठेवतात ते मातीचं मडकं.

भांडण त्यावरूनच झालं. भांडण तरी कसं म्हणायचं, बोललो मी एकटाच. तिची थोरली बहीण अक्का फेब्रुवारीत भालकीला वारली. काल माझ्या आईवडिलांच्या दोन केळ्यांशेजारी सुशीलानं अक्काच्या नावानं तिसरी मांडली. मी म्हटलं, अक्का दुसऱ्या घरची, तिचं पाणी तिची मुलं भरतील, आपल्याकडे हे चालत नाही. त्यात शेजारचे यादगिरी बायकोला घेऊन आमरसाला आलेले. रेल्वेत गार्ड होते, माझ्याच वर्षी रिटायर झाले. त्यांना उगीच वेगळं वाटू नये म्हणून मी हसत हसत समजावून सांगितलं. सुशीलाच्या पत्रिकेत चंद्र-शनी युती आहे. चंद्र म्हणजे मन, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून शनी बसला की मन कोरडं पडतं. सख्खी बहीण गेली तरी बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही. अशा माणसांना मायेपेक्षा विधी जास्त लागतो.

यादगिरीची बायको मान खाली घालून जेवत राहिली. सुशीलानं सगळ्यांना वाढलं, ओटा पुसला, साडी बदलली आणि "येते" सुद्धा न म्हणता निघून गेली.

कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. कालच, अगदी कालच, मंगळ आणि शनी मीन राशीत एका अंशावर आले. सुशीलाचा जन्मचंद्र मीनेतच, आधीच शनीच्या शेजारी. त्यावर आता गोचरीचे, म्हणजे सध्या आकाशात फिरणारे, हे दोघे. दुसरं काय होणार? माझ्याबद्दल राग वगैरे काही नाही, ही सगळी ग्रहांची करणी. मंगळ ११ मेला मीनेतून बाहेर पडतो. तोपर्यंत फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही. या युतीत बोललेला चांगला शब्दही उलटा लागतो. ११ तारखेला सकाळी जाऊन तिला घेऊन यायचं. ठरलं म्हणजे ठरलं. तीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्या सोडल्यात मी. सिग्नल लाल असताना गाडी पुढे काढायची नसते.

मंगळवार, २१ एप्रिल

रेणूचा फोन. "अप्पा, आई इथंच आहे. तुम्ही बोलणार का तिच्याशी?"

मी तिला युती समजावून सांगितली. ती मध्येच म्हणाली, "अप्पा, सिरियसली? अकरा मे? तीन हफ्ते?"

"ग्रहांना घाई नसते, बाळा."

"मग मी आईला काय सांगू?"

"अकरा मेला सकाळी घ्यायला येतो म्हणून सांग."

मग म्हणाली, "सांगते." पोरगी शहाणी आहे, पण ज्योतिषात लक्ष नाही. तिला मराठीसुद्धा अडखळत वाचता येतं, पंचांग कुठून वाचणार?

गुरुवार, २३ एप्रिल

वरण करपलं. भात चिकट. यादगिरींनी डब्यातून पप्पू आणून दिलं, म्हणजे त्यांचं तेलुगू पद्धतीचं आंबट वरण. दारातच उभे राहून म्हणाले, "क्या साब, मॅडम कब आते? फोन तो कर लो."

"अकरा तारीखकू. अब्बी ग्रह ठीक नै."

"ग्रह का क्या है साब, वो तो रोज घूमते. तुम जाके बोलो ना, घर कू चलो करके."

"नक्को. गलत टायम पे बोले तो बात और बिगडती."

डोकं हलवत गेले. चांगला माणूस आहे, पण शास्त्राचा गंध नाही. माझी बुधादित्य युती आहे, सूर्य आणि बुध एका घरात. असा माणूस भावनेच्या भरात निर्णय घेत नाही. पप्पू मात्र छान होतं.

रविवार, २६ एप्रिल

घर फार शांत आहे. न्हाणीघराच्या नळाचाही आवाज नाही. अक्का गेल्यापासून, म्हणजे फेब्रुवारी-मार्चभर, सुशीला अर्धा अर्धा तास दार लावून आत बसायची आणि नळ आपला वाहतोय. मी बाहेरून ओरडायचो, उन्हाळा तोंडावर आलाय, पाणी जपून वापर. ती बाहेर यायची तेव्हा तोंड धुतलेलं, डोळे लाल. साबण गेला म्हणायची. मीन ही जलरास, तिथं चंद्र-शनी असले की माणसाला पाण्याची अतिरेकी ओढ लागते, असा माझा निष्कर्ष आहे. अभ्यासाच्या वहीत तशी नोंद केली.

बुधवार, २९ एप्रिल

आज कबूल करतो. करमत नाही. सकाळी दोन कप चहा ठेवला आणि दुसरा पाहत बसलो.

म्हणून डोकं चालवलं. मंगळाचा खरा जोर तो जन्मचंद्राच्या अंशावर येईपर्यंत असतो. एकदा तो अंश ओलांडला की ताप उतरणीला लागतो. सुशीलाचा चंद्र मीनेत चोविसाव्या अंशावर, मंगळ तिथं पोचतो ३ मेला. म्हणजे अकरापर्यंत थांबायची गरजच नाही, ४ मेला जाता येईल! पण त्यासाठी चंद्राचा अंश पक्का पाहिजे आणि अंशासाठी जन्मवेळ मिनिटापर्यंत पाहिजे. माझ्याकडे आहे ती सासऱ्यांच्या पोस्टकार्डावरची. १९८९ साली लग्न ठरताना आलेलं: "१८ ऑक्टोबर १९६७, बुधवार, रात्री तीन." त्यावरून मीच पत्रिका मांडली होती. आता सासरे नाहीत, सासूबाई नाहीत. भालकीला मेहुणे एकनाथराव आहेत, सुशीलापेक्षा सोळा वर्षांनी मोठे. त्यांना विचारायचं. काहीही झालं तरी ४ तारीख गाठायची.

शुक्रवार, १ मे

एकनाथरावांना फोन केला. सुशीला रेणूकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या बाबतीत एक अवाक्षर काढलं नाही. माणूस खानदानी.

मी म्हटलं, "एकनाथराव, सुशीलाच्या जन्माची वेळ नक्की आठवते का तुम्हाला? तीनला किती मिनिटं?"

"मिन्टं कुठली आणता दाजी? घड्याळ फक्त पाटलाकडं. पण रात्र आठवती. कोजागिरी झाल्याली, आन् त्याच्या दुसऱ्या दिवशीची रात्र."

"दुसऱ्या दिवशीची? नाही नाही. कोजागिरीचीच. पत्रिकेत आहे."

ते हसले. "पत्रिकेत आसंल. कोजागिरीला तर आईनं सोता चुलीपुढं बसून दूध आटिवलं. नववा महिना भरल्याला, तरी ऐकंनाच. सगळ्यास्नी पाजलं. उरल्यालं मी दुसऱ्या दिवशी दुपारी पिलो, उष्ण दिवस, नासलं हुतं ते. संध्याकाळपासून मी वकाऱ्या काढायलो, आन् तिकडं आईला कळा. सुईण म्हणली, आधी कुणाला बघू? पहाट व्हायच्या आधी सुशी झाली. अक्का तवा बारा वर्साची. रात्रभर तीच हिकडून तिकडं पळत हुती. पोरीला पैल्यांदा हातात घेतली ती अक्कानंच."

फोन ठेवला. पोस्टकार्ड काढून पुन्हा वाचलं.

कोजागिरी मंगळवारी रात्री झाली. दुसरा दिवस बुधवार. आणि बुधवारची रात्र, तीन वाजता. सासऱ्यांनी लिहिलं ते अगदी बरोबर होतं. आपल्याकडे सूर्य उगवेपर्यंत आदल्या दिवसाचीच रात्र असते. पंचांगसुद्धा वार सूर्योदयाला बदलतं, हा ज्योतिषाचा पहिला धडा. मी मात्र तेव्हा कंट्रोल ऑफिसात नवीन. तिथं तारीख रात्री बाराला बदलते. १८ तारखेचे तीन म्हणजे माझ्या लेखी बुधवार उजाडण्याच्या आधीचे तीन. मी बायकोला चोवीस तास आधी जन्माला घातलं.

शनिवार, २ मे

सकाळपासून गणित करतो आहे. तीनदा केलं. फरक पडत नाही.

१९ ऑक्टोबर, पहाटे तीन. चंद्र मीनेत नाहीच. तो मेषेत, अश्विनी नक्षत्रात गेलेला. शनी मागेच राहिला. चंद्र-शनी युती नाही.

सदतीस वर्षं जिच्याशी संसार केला तिच्या मनाची किल्ली म्हणून जी खिशात घेऊन फिरलो, ती दुसऱ्याच कुलपाची निघाली.

आणि मेषेतल्या त्या चंद्राशेजारी कोण? राहू. चंद्र-राहू युती. ते पाहिल्याबरोबर हात आपोआप वहीकडे गेला. चंद्र-राहू म्हणजे मनाला ग्रहण, अचानक घर सोडून जाणं... हे तर तंतोतंत जुळतंय! अर्धं पान लिहून झालं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. युती कुठलीही निघाली असती तरी मी ती जुळवलीच असती. पान फाडलं.

आणखी एक. चंद्र मेषेत असेल तर मंगळ ११ मेला मीनेतून बाहेर पडून थेट तिच्या राशीत शिरतो. म्हणजे मी ज्या दिवशी तिला आणायला जाणार होतो, त्या दिवशी तिचा ताप संपत नाही, सुरू होतो.

रविवार, ३ मे

आज जुन्या अभ्यासाच्या वह्या काढल्या. सुशीलाच्या नावाची एक पूर्ण वहीच आहे. काही नोंदी इथं उतरवतो, म्हणजे विसरायला नको.

१९९६. हिमायतनगरच्या एका मराठी शाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळत होती. मी लिहिलंय: "शनियुक्त चंद्र, लहान मुलांत रमणार नाही. नको म्हटलं. तिनंही हट्ट केला नाही, यावरून अनुमान खरं."

२००३. सासूबाई शेवटच्या आजारात. तिला महिनाभर भालकीला राहायचं होतं. "मन आधीच खिन्न, आजारी माणसाजवळ ठेवणं बरं नाही. आठ दिवसांत परत आणली."

२०११. "रेणूच्या लग्नात रडली नाही. युतीचा अचूक प्रत्यय."

रेणूच्या पाठवणीला ती रडली नाही, कारण मी दोन दिवस आधीपासून पाहुण्यांना सांगत होतो, बघा, ही रडणार नाही.

आणि तो नळ.

मी मूर्ख आहे. इथं लिहून ठेवतो, खोडणार नाही.

सोमवार, ४ मे

नुसतं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. उद्या जायचं. ग्रह न पाहता जायचं. सोपं नाही हे. आज सकाळपासून दोनदा पंचांग उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी यादगिरींकडे नेऊन ठेवलं. ते म्हणाले, "इसकू मैं क्या करूं साब?" म्हटलं, "मैं मंगा तो बी वापस मत देव."

मंगळवार, ५ मे

दुपारी तीनला निघालो. जिन्यात यादगिरी भेटले. घड्याळ दाखवत म्हणाले, "साब, मंगलवार है, तीन से साडेचार राहुकालम. थोडा रुक के जाव." मी थांबलो नाही. दिलसुखनगरच्या बसमध्ये बसलो. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. वाटेत काय बोलायचं त्याची तयारी केली आणि उतरल्यावर सगळी विसरलो.

दार रेणूनं उघडलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आज पाच तारीख आहे, अप्पा." मी म्हटलं, माहीत आहे.

सुशीला स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. खिडकीत ती केळी, पाण्यानं भरलेली, वर एक जास्वंद. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पोस्टकार्ड, बुधवारची रात्र, कंट्रोल ऑफिस, एकनाथरावांचं नासकं दूध. ती चिरत राहिली.

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"लग्नानंतर पहिल्यांदा पत्रिका वाचून दाखवलीत, तेव्हाच बोलले होते. मी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची. आई सांगायची."

"मग मी काय म्हणालो?"

"बायकांना तिथी धड आठवत नाही म्हणालात."

मला आठवेना. पण मी असं म्हणालो असेन, यात शंका नाही. स्टूल ओढून बसलो.

"नवी मांडली असेल आता," ती म्हणाली.

"मांडली. पण वाचली नाही. म्हणजे अर्धं पान वाचली, मग फाडली."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मग आता माझं मन कसं कळणार तुम्हाला?"

"विचारावं लागेल."

"विचारा की."

आणि मला काय विचारावं तेच सुचेना. सदतीस वर्षांत कधी गरजच पडली नाही. शेवटी म्हटलं, "अक्का कशी होती लहानपणी?"

तिनं सुरी ठेवली. मग भेंडी बाजूला सारली आणि सांगायला लागली. अक्कानं तिला पाठीवर बांधून विहिरीवर कसं नेलं, पाचवीच्या पूजेला स्वतःची ओढणी फाडून कुंची कशी शिवली, शाळेत घालायला बापाशी कशी भांडली. सांगता सांगता रडायला लागली. माझ्यासमोर, आवाज करून. मी स्टूल तिच्या जवळ सरकवलं.

निघताना मी म्हणालो, "घरी चल."

पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "हे दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला असतात तर तशीच उठून आले असते. रेणूनं अकरा मे सांगितलं तेव्हा ठरवलं, आता माझ्या मनानं येईन."

"केव्हा?"

"ते बघू. उद्या या. अक्काच्या गोष्टीत मी अजून पहिलीतच आहे."

शुक्रवार, ८ मे

रोज जातो आहे. तारनाका ते दिलसुखनगर, दुपारची बस. अक्काच्या गोष्टीत सुशीला आता तिसरीत आहे. आज सुशीलानं शाळेचं बोलणं काढलं, हिमायतनगरच्या शाळेचं. म्हणाली, नोकरी नसती मिळाली तरी चाललं असतं, पण मुलांत रमणार नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, ते लागलं. मी म्हटलं, माझं चुकलं. हे दोन शब्द मी मोठ्यानं बोलल्याचं तिला आठवत नाही आणि मलाही नाही. जावई गौतम बाहेरच्या खोलीत होता, त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

रेणूच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर अकरा तारखेला लाल पेननं गोल केला आहे. गॅस सिलिंडरचा नंबर असेल.

रविवार, १० मे

आज ती म्हणाली, "उद्या येऊ नका."

मी काळजीत पडलो. काही चुकलं का, विचारलं. नाही म्हणाली. मग का, ते सांगितलं नाही. रेणू तिकडे तोंड करून हसत होती.

परतीच्या बसमध्ये मनात आलंच, उद्या मंगळ मेषेत शिरतो, तिच्या खऱ्या राशीत. सुरुवात झाली वाटतं. दोन स्टॉप हाच विचार. मग स्वतःला बजावलं, ती म्हणाली येऊ नका तर जायचं नाही, तिच्याकडे तिची कारणं असतील. मंगळवारी जाऊन विचारू.

सोमवार, ११ मे

सकाळी नऊला बेल वाजली. दारात सुशीला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात केळी, मागे रिक्षावाला भाड्यासाठी उभा.

मी घाईघाईनं पैसे दिले, पिशवी घेतली. केळी तिनंच आत नेली आणि माझ्या आईवडिलांच्या दोन्हींशेजारी ठेवली. मी तांब्याभर पाणी आणून तिच्या हातात दिलं.

चहा झाल्यावर विचारलं, "आजच कशी आलीस?"

"आज बरं वाटलं," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मी मात्र चक्रावून गेलो आहे. चुकीची पत्रिका, चुकीचा चंद्र, चुकीची युती, आणि दिवस मात्र मी सांगितला तोच! खऱ्या पत्रिकेप्रमाणे आज तिच्या राशीत मंगळ येतो, भांडण व्हायला हवं होतं. हे कुठल्या नियमात बसतं? कुणी मुद्दाम ठरवून तर ग्रह फिरवत नाही. मला याचा छडा लावायलाच हवा. यादगिरींकडून पंचांग परत आणावं की काय, या विचारात...

आतून हाक आली. "अहो, येताय ना? अक्काचं लग्न ठरलंय आज. पत्रिका न बघता."

गणित राहू दे. आधी ती गोष्ट ऐकून येतो.